महिना हजार रुपयांत लिनक्स सर्व्हर: कुठं खर्च करावा, कुठं वाचवावा?

माळरान, लातूर
नमस्कार मंडळी. लातुरातल्या एका शिकवणी वर्गाचं संगणकाचं सगळं काम माझ्याकडं आहे. नीट-जेईईच्या सराव परीक्षा, नोट्सच्या पीडीएफ, हजेरी, निकाल, सगळं एकाच सर्व्हरवर चालतं. रविवारी सकाळी दहाला पाच-सहाशे पोरं एकदम लॉगिन करतात आणि पहिल्या अर्ध्या तासात मशीन बसतं. उत्तरं सेव्ह होत नाहीत, पोरं रडकुंडीला येतात, पालकांचे फोन सुरू होतात. बाकी आठवडाभर तेच मशीन जवळपास रिकामं असतं.

आजची स्थिती अशी: भाड्याचं मशीन, १ जीबी रॅम, सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार), मारियाडीबी (डेटाबेस), पीएचपी (परीक्षेचा कोड ज्या भाषेत आहे ती). आधी काम बघणाऱ्या माणसानं बसवलेलं, कागदावर काहीच लिहून ठेवलेलं नाही. संस्थेचं बजेट महिना हजार रुपये, बॅकअपसकट. आमचे सर म्हणायलेत, "ऑफिसात दोन जुने लॅपटॉप पडून आहेत, त्याच्यावरच चढव की सगळं. भाडं तरी वाचंल."

मला मनापासून वाटतं की पैसे मशीनवर कमी आणि बॅकअपवर जास्त घालावेत. पोरांच्या वर्षभराच्या चाचण्यांचे मार्क त्यात आहेत. पण सरांपुढं ठेवायला नुसतं वाटणं पुरत नाही, आकडे पाहिजेत. ज्यांनी कमी पैशात सर्व्हर सांभाळलेत त्यांनी सांगा.

गोदाकाठ, नांदेड
बजेटचं नंतर बोलू, आधी सेंटओएस ७ चं बघा. त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला. तेव्हापासून सुरक्षेची दुरुस्ती येत नाही. पोरांचे मोबाइल नंबर असलेलं मशीन अशा अवस्थेत इंटरनेटवर ठेवू नका.

डेबियन घ्या. १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. तीन वर्षं नियमित आणि पुढची दोन वर्षं लांब पल्ल्याचा आधार, म्हणजे पाच वर्षं चिंता नाही. उबंटूची एलटीएस, म्हणजे लांब पल्ल्याची आवृत्ती, घेतली तरी पाच वर्षं मिळतात. सेंटओएसचीच सवय असेल तर अल्मालिनक्स किंवा रॉकी. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत.

एक अडचण येणार, ती आधीच सांगतो. सेंटओएस ७ सोबत पीएचपी ५.४ येतं. तुमचा परीक्षेचा कोड त्या काळातला असेल तर त्यात जुनी मायएसक्यूएल-कनेक्टवाली फंक्शनं असणार. ती पीएचपी ७ पासून काढून टाकली आहेत. कोड पीडीओ किंवा मायएसक्यूएलआयवर, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या नव्या पद्धतींवर, आणावा लागेल. खरा खर्च तिथं आहे, तुमच्या वेळेचा.

बालाघाट, अंबाजोगाई
सरांचं अगदीच चूक नाही. माझ्याकडं घरी एक जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून चालायलाय, त्यावर गावातल्या वाचनालयाची पुस्तकसूची आणि आमच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे. ८ जीबी रॅम, त्यात एसएसडी टाकली. एवढी रॅम भाड्यानं घ्यायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी हजारात बसणार नाही. वर लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, लाइट गेली तरी मशीन चालू.

झाकण मिटल्यावर झोपू नये म्हणून लॉगइनडी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये हँडल-लिड-स्विच इग्नोर करा. ग्राफिकल डेस्कटॉप टाकूच नका, सगळं एसएसएचवरून (दुसऱ्या संगणकावरून सुरक्षित लॉगिन करून) करा. एवढं केलं की झालं.

तेरणा, धाराशिव
विजेचा हिशोब कुणी मांडत नाही म्हणून मी मांडतो. लॅपटॉप रिकामा असताना साधारण १२ वॅट ओढतो. १२ गुणिले २४ गुणिले ३० म्हणजे ८६४० वॅट-तास, महिन्याला ८.६४ युनिट. जुना डेस्कटॉप ६० वॅट धरला तर ४३ युनिट. दर तुमच्या बिलावर बघा, पण दहा रुपये युनिट धरला तरी लॅपटॉपचे ८६ आणि डेस्कटॉपचे ४३० रुपये. सरांना हाच कागद दाखवा. "फुकटचा" जुना डेस्कटॉप जवळपास एका लहान मशीनच्या भाड्याएवढ्या पैशांची वीज खातो.

दुसरं, लॅपटॉपला बॅटरी आहे, पण राउटरला आणि फायबरच्या डब्याला कुठंय? लाइट गेली की मशीन जिवंत आणि नेट मेलेलं. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावाच लागतो. उन्हाळ्यात आमच्याकडं दुपारच्या वाऱ्या-वावटळीत लाइट किती वेळा जाती हे इथल्यांना सांगायला नको.

ज्वारीचं_कणीस, परभणी
बालाघाट दादा, तुमचं अंबाजोगाई उंचावर आहे. परभणीत मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप झाकण मिटून चोवीस तास चार्जरला ठेवला तर बॅटरी फुगते. आमच्या बियाणं-खताच्या दुकानात एक मशीन असंच फुगून टचपॅड वर आलं होतं. ते पेटू शकतं, हा गमतीचा विषय नाही.

ठेवायचाच असेल तर चार्जिंगला मर्यादा घाला. टीएलपी नावाचं पॅकेज आहे, बऱ्याच थिंकपॅडवर त्यातून ७५ ला चार्जिंग सुरू आणि ८० ला बंद असं ठरवता येतं. झाकण थोडं उघडं ठेवा, मशीन भिंतीला उभं करा, पंख्याची जाळी दर महिन्याला ब्रशनं झाडा. आपल्याकडची काळी धूळ बारीक असते, आत जाऊन बसली की तापमान चढतंच. बॅटरी फुगलेली असेल तर काढून टाका आणि सरळ यूपीएसवर चालवा.

बालाघाट, अंबाजोगाई
ताई, हे एकदम मान्य. मर्यादा माझ्याकडं लावलेली आहे, ते लिहायचं राहिलं. डिस्कची तब्येत बघायला स्मार्टमॉनटूल्ससुद्धा टाका. रीअलोकेटेड सेक्टर (डिस्कनं खराब म्हणून वगळलेले भाग) वाढायला लागले की डिस्क बदलायची वेळ आली म्हणून समजायचं.

खाम_काठ, छ. संभाजीनगर
उष्णता आणि लाइट सुटली तरी सीजीनॅट सुटत नाही. घरगुती ब्रॉडबँडवर बहुतेक ठिकाणी तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोहोचता येईल असा पत्ता, मिळतच नाही, शेकडो ग्राहक एकाच आयपीमागं असतात. बाहेरून पोरं तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचणार कशी? बोगदा, म्हणजे आतून बाहेर खासगी वाट, काढता येतो, वायरगार्डनं किंवा क्लाउडफ्लेअरच्या टनेलनं. पण वायरगार्डच्या दुसऱ्या टोकाला पब्लिक आयपीचं मशीन लागतं, म्हणजे भाड्याचं मशीन आलंच.

आणि रस्त्याच्या कामात केबल तुटली तर परीक्षा गेली. रविवारी कंपनीचा माणूस किती वाजता येणार?

माळरान, परीक्षा घेणारं मशीन भाड्याचंच असू द्या. यात तडजोड करू नका.

हळदीचं_शिवार, वसमत
मी अजून शिकतोय. आपल्याकडं सीजीनॅट आहे का नाही हे कसं ओळखायचं?

खाम_काठ, छ. संभाजीनगर
राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा, आयपी बघ. "माझा आयपी काय" असं दाखवणाऱ्या एखाद्या साइटवरचा आयपी आणि तो वेगळे असतील तर बहुतेक सीजीनॅट. वॅनचा आयपी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला असेल तर शंकाच नको, तो पट्टा त्याचसाठी राखून ठेवलेला आहे.

मोसंबी, जालना
माझं मत थोडं वेगळं. लॅपटॉप का भाड्याचं, हा प्रश्नच अजून आला नाही. पाच-सहाशे पोरांना १ जीबी मशीन का पुरत नाही, हे आधी शोधा. बहुविकल्पी प्रश्नांची परीक्षा म्हणजे मजकूर आणि चार पर्याय. एवढ्याला मोठं मशीन लागायचं कारण नाही.

तीन गोष्टी बघून सांगा.
पीएचपी-एफपीएमच्या फाइलमध्ये मॅक्स-चिल्ड्रन (पीएचपीच्या एका वेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस चालतील तो आकडा) किती आहे?
डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या नोंदींत) "आउट ऑफ मेमरी" शोधल्यावर काही सापडतं का?
पोरगं पर्यायावर क्लिक करतं तेव्हा उत्तर लगेच जातं, का ठराविक सेकंदांनी?

माळरान, लातूर
बघितलं. मॅक्स-चिल्ड्रन ५० आहे. डीमेसेजमध्ये रविवारच्या वेळेला मारियाडीबी मारल्याची ओळ आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. उत्तरं दर ५ सेकंदांनी आपोआप सेव्ह होतात, पोरानं काही बदललेलं असो नसो.

मोसंबी, जालना
मग चित्र स्पष्ट झालं.

पीएचपीची एक प्रोसेस साधारण ४० एमबी धरा, नक्की आकडा पीएस कमांडच्या आरएसएस रकान्यात दिसेल. ५० गुणिले ४० म्हणजे २००० एमबी. मशीन १ जीबीचं. गर्दी झाली की रॅम संपते, कर्नल सगळ्यात जड प्रोसेस मारतो आणि ती असते तुमची डेटाबेस. मॅक्स-चिल्ड्रन ८ किंवा १० करा. बाकीच्या विनंत्या रांगेत अर्धा-एक सेकंद थांबतील, मरणार नाहीत. कंडक्टरनं एसटीत बसतील तेवढेच घेतले तर गाडी पोहोचते, तसं आहे हे.

आता सेव्हचा हिशोब. ६०० पोरं दर ५ सेकंदांनी म्हणजे सेकंदाला १२० विनंत्या. तेच ३० सेकंद केलं तर सेकंदाला २०. आणि उत्तर बदललं असेल तरच पाठवा, म्हणजे त्याहूनही कमी. मधल्या वेळात उत्तर ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवा, नेट गेलं तरी पोराचं उत्तर जात नाही. खेड्यातून मोबाइलवर परीक्षा देणाऱ्या पोरांसाठी हे फार गरजेचं आहे.

ओपीकॅश चालू आहे का तेही बघा. त्यानं पीएचपीला दर वेळी फाइल नव्यानं वाचावी लागत नाही. पीएचपी ५.४ मध्ये तो सोबत येत नाही, ५.५ पासून येतो. नवीन मशीनवर गेलात की हा फायदा आपोआप पदरात पडेल.

उदगीरकर_पुण्यात
मोसंबी यांचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. इथं पुण्यात कुणी "साइट स्लो आहे" म्हटलं की पहिला सल्ला मोठं मशीन घ्यायचा.

एक भर: निकालाचं पान डेटाबेसमधून काढू नका. निकाल एकदा लागला की बदलत नाही. परीक्षेनंतर स्क्रिप्टनं प्रत्येक बॅचचं साधं एचटीएमएल पान तयार करून ठेवा, एन्जिनएक्स (वेब सर्व्हर) ते १ जीबी मशीनवरूनही हजारो लोकांना सहज देतं. फक्त ते पान लॉगिनमागं राहील हे बघा, पोरांचे मार्क गावभर जायला नकोत. नोट्सच्या पीडीएफही पीएचपीतून न देता एन्जिनएक्सकडूनच द्या.

गोदाकाठ, नांदेड
स्वॅपपण टाका. १ जीबी मशीनला २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा), स्वॅपिनेस (स्वॅप किती लवकर वापरायची तो आकडा) मुळात ६० असतो तो १० वर आणा. स्वॅप म्हणजे रॅम नाही, पण अचानक आलेला भार झेलायला उपयोगी. आणि टॉप कमांडमध्ये "एसटी" नावाचा आकडा बघत जा. तो सतत दहाच्या पुढं राहिला तर समजायचं की मालकानं एका यंत्रावर फार भाडेकरू कोंबलेत. तुमच्या हातात काही नाही, घर बदला.

येळवस, औसा
मी लातूर जिल्ह्यातलाच. माळरान, बॅकअप किती वाजता होतो आणि सर्व्हरचं घड्याळ कुठलं आहे ते बघितलंत का? टाइमडेटसीटीएल चालवा आणि क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) बघा.

विचारायचं कारण, परदेशी पद्धतीनं बसवलेली मशीनं यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात. आपण साडेपाच तास पुढं.

माळरान, लातूर
येळवस, हात जोडतो. घड्याळ यूटीसी आहे. क्रॉनमध्ये डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची एका फाइलीत प्रत) रोज ४:३० ला लावलेला आहे. आधीच्या माणसानं पहाटे साडेचार समजून लावला असणार. आपल्याकडं तेव्हा बरोबर दहा वाजतात.

येळवस, औसा
म्हणजे परीक्षा सुरू होते त्याच मिनिटाला डंप सुरू होतो. आणि डंपच्या कमांडमध्ये सिंगल-ट्रान्झॅक्शन लिहिलेलं नसेल तर तो टेबलं लॉक करतो. पोरांची उत्तरं लिहायची वाट बंद, प्रत्येक सेव्ह अडकून बसणार, पीएचपीच्या प्रोसेसा पन्नासपर्यंत चढणार, रॅम संपणार, डेटाबेस मारली जाणार. सगळी साखळी जुळली.

टाइमझोन एशिया/कोलकाता करा आणि क्रॉनची सेवा परत सुरू करा, नाहीतर ती जुन्याच घड्याळावर चालत राहते. डंपला सिंगल-ट्रान्झॅक्शन जोडा. टेबलं इनोडीबी प्रकारची आहेत ना तेही बघा. जुन्या मायआयसॅम प्रकारची असतील तर त्या पर्यायाचा उपयोग नाही, आधी बदलून घ्या.

तेरणा, धाराशिव
वा येळवस! या धाग्यातल्या सगळ्यांना वेळ-अमावस्येला शेतात जेवायला बोलवा. आंबिल आणि भज्जी पाहिजे.

येळवस, औसा
नक्की या. ज्वारी चांगली आलीय यंदा.

ज्वारीचं_कणीस, परभणी
आंबिलाआधी बॅकअपचं बोला, माळराननं तेच विचारलंय. डंप कुठं ठेवला जातो?

माळरान, लातूर
त्याच मशीनवर, दुसऱ्या फोल्डरमध्ये.

ज्वारीचं_कणीस, परभणी
मग तो बॅकअप नाही, नुसती दुसरी फाइल आहे. मशीन गेलं की दोन्ही गेले. जुना नियम आहे तोच पाळा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर साठवलेल्या, एक तरी दुसऱ्या गावात. लातूरच्या माणसाला दुसऱ्या गावाचं कारण समजावायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत घरंच्या घरं गेली. माणसांच्या दुःखापुढं कागदांचं काय, पण नंतर कित्येकांना जमिनीचे, शाळेचे, बँकेचे कागद सिद्ध करताना किती त्रास झाला हे आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकलंय.

आता खर्च. तुमचा डंप दाबल्यावर किती होतो? मार्क आणि हजेरीचा असेल तर काहीशे एमबीच्या वर नसेल. बॅकब्लेझ बी२ आणि क्लाउडफ्लेअर आर२ या ऑनलाइन साठवणुकीच्या सेवा, दोन्हीकडं पहिले १० जीबी फुकट आहेत. रेस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरनं तिथं पाठवा, तो पाठवण्याआधीच एन्क्रिप्ट करतो आणि बदललेला भागच पाठवतो. रेस्टिकचा पासवर्ड मात्र कागदावर लिहून संस्थेच्या कपाटात ठेवा. तो हरवला तर ती प्रत कुणालाच उघडता येत नाही.

बालाघाट, अंबाजोगाई
आणि आता माझ्या लॅपटॉपला काम द्या! सर्व्हर म्हणून नको, मान्य. पण ऑफिसातला जुना लॅपटॉप रात्री भाड्याच्या मशीनवरून बॅकअप ओढून घेऊ शकतो. सीजीनॅटची अडचणच नाही, कारण कनेक्शन आतून बाहेर जातं. आरसिंक या फाइली उतरवायच्या कमांडला लिंक-डेस्ट हा पर्याय द्या, रोजचं पूर्ण फोल्डर दिसतं पण न बदललेल्या फाइल हार्डलिंक होतात (जुन्याच फाइलीकडं बोट दाखवतात), जागा फक्त बदललेल्याची लागते.

खाम_काठ, छ. संभाजीनगर
बालाघाट, इथं मी तुमच्या बाजूनं. ओढून घेण्यात अजून एक मोठा फायदा आहे. सर्व्हरकडं बॅकअपच्या मशीनची चावी नसते. उद्या सर्व्हरमध्ये कुणी घुसलं आणि सगळं पुसलं तरी लॅपटॉपवरच्या जुन्या प्रतींना हात लावू शकत नाही. जिथं सर्व्हर स्वतः बॅकअप ढकलतो तिथं घुसणारा माणूस बॅकअपही पुसू शकतो. लॅपटॉपसाठी सर्व्हरवर वेगळा वापरकर्ता करा, त्याला वाचण्यापुरतीच मुभा.

लॅपटॉप रात्री दोन तास चालू राहिला तरी पुरे, म्हणजे ताईंची फुगणाऱ्या बॅटरीची काळजीही बरीच मिटते.

ज्वारीचं_कणीस, परभणी
हे आवडलं. पण बॅकअप झाला का नाही हे कळणार कसं? बंद पडलेला बॅकअप आवाज करत नाही. हेल्थचेक्स डॉट आयओवर फुकटचं खातं काढा. स्क्रिप्ट यशस्वी झाली की शेवटच्या ओळीत त्यांच्या पत्त्याला कर्ल कमांडनं ठोका द्यायचा. ठोका आला नाही की ते तुम्हाला मेल करतात.

आणि महिन्यातून एकदा प्रत उतरवून बघाच. लॅपटॉपवर मारियाडीबी टाका, डंप त्यात भरा, एखाद्या पोराचे मार्क काढून चालू सर्व्हरशी ताडून बघा. मराठी नावं नीट दिसतात का तेही तेव्हाच कळतं.

हळदीचं_शिवार, वसमत
मराठीसाठी डेटाबेसमध्ये अक्षरं साठवायची यूटीएफ८एमबी४ ही पद्धत लागतंच ना? जुन्या यूटीएफ८ मध्ये मराठी बसत नाही असं ऐकलंय.

येळवस, औसा
बसतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ८ तीन बाइटपर्यंत घेतं. चार बाइट इमोजीला लागतात. तरी नवीन डेटाबेस एमबी४ मध्येच करा, पोरं नावापुढं इमोजी टाकतात. मराठीची प्रश्नचिन्हं होतात ती बहुतेक टेबल किंवा कनेक्शन लॅटिन१ या इंग्रजी-युरोपीय अक्षरांच्या पद्धतीवर राहिल्यामुळं.

गोदाकाठ, नांदेड
सुरक्षेचं थोडक्यात, कारण त्याला पैसे लागत नाहीत. एसएसएचला ईडी२५५१९ प्रकारची चावी, पासवर्डनं लॉगिन बंद, रूटनं (मुख्य वापरकर्त्यानं) लॉगिन बंद. अनअटेंडेड-अपग्रेड्स (सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसवणारं) चालू. फेल२बॅन (वारंवार चुकीचं लॉगिन करणारे आयपी अडवणारं) टाका. मग एसएस कमांडला टीएलएनपी देऊन बघा, कुठले पोर्ट बाहेर उघडे आहेत. डेटाबेसचा ३३०६ हा १२७.०.०.१ वरच, म्हणजे त्याच मशीनपुरता, दिसला पाहिजे.

खाम_काठ, छ. संभाजीनगर
फेल२बॅनवर माझं दुमत. पासवर्ड बंद केल्यावर एसएसएचसाठी त्याचा उपयोग फक्त लॉग कमी होण्यापुरता. १ जीबी मशीनवर ती रॅम वाचवा. त्यापेक्षा परीक्षेच्या लॉगिन पानाला एन्जिनएक्सचं लिमिट-रेक (एका आयपीकडून येणाऱ्या विनंत्यांवरची मर्यादा) लावा. फक्त एक लक्षात ठेवा: सीजीनॅटमुळं एकाच आयपीवरून चाळीस पोरं येऊ शकतात, मर्यादा फार घट्ट ठेवली तर खरीच पोरं अडकतील.

डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) वापरत असाल तर जपून. डॉकरनं उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलचे नियम ओलांडून बाहेर जातो. यूएफडब्ल्यू "बंद" दाखवतं आणि डेटाबेस जगाला उघडी असते. पोर्ट देताना त्याच्या आधी १२७.०.०.१ लिहाच.

गोदाकाठ, नांदेड
पोरांच्या खात्यांवर कुणी पासवर्ड ठोकत बसला तर फेल२बॅन तिथंही लावता येतं, म्हणून मी ठेवतो. पण चाळीस पोरांचा मुद्दा बरोबर आहे, तो तिथंही लागू होतो. डॉकरचा मुद्दा सगळ्यांनी लिहून घ्या.

मोसंबी, जालना
डिस्कचंही बघा, लहान मशीनवर ती २०-२५ जीबीच असते. जर्नलडीला (लॉग साठवणाऱ्या सेवेला) सिस्टिम-मॅक्स-यूज २०० एमबी द्या. डीएफ कमांड जागा दाखवते पण आयनोड (किती फाइली ठेवता येतील त्या नोंदी) संपले असतील तर डीएफला आय लावूनच कळतं, पीएचपीच्या लाखो सेशन फाइलींनी ते संपतात. आणि मोठा लॉग पुसूनही जागा मोकळी होत नसेल तर ती फाइल कुठल्यातरी प्रोसेसनं धरून ठेवलेली असते. एलएसओएफ कमांडला एल१ देऊन शोधा, ती सेवा परत सुरू करा.

उदगीरकर_पुण्यात
पैशांच्या बाबतीत एक गोष्ट राहिली. परदेशी कंपनीचं मशीन असेल तर डॉलरमधला दर आणि वर १८ टक्के जीएसटी धरा. १ जीबीला साधारण पाच-सहा डॉलर, म्हणजे करासकट सहाशे रुपयांच्या आसपास. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (कार्डावरून आपोआप पैसे कापायच्या परवानगीचे) नियम लागू झाले, तेव्हापासून कार्डावरून दर महिन्याची रक्कम आपोआप कटेलच असं धरून चालू नका. जिथं आगाऊ पैसे भरून ठेवता येतात तिथं तीन-चार महिन्यांचे भरा. सूचनेचा मेल संस्थेच्या पत्त्यावर आणि तुमच्याही पत्त्यावर येऊ द्या.

डोमेन कुणाच्या नावावर आहे हेही तपासा. माझ्या ओळखीच्या एका संस्थेचं डोमेन साइट करून देणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यावर होतं. भांडण झाल्यावर तो फोन उचलेना, संस्थेला नवं नाव घ्यावं लागलं, बोर्ड-पावत्या सगळं नव्यानं छापावं लागलं. ही गोष्ट सर्व्हरच्या आधी हातात घ्या.

माळरान, लातूर
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सरांशी बोललो, तेरणांचा विजेचा हिशोब आणि मोसंबींचा रॅमचा हिशोब दोन्ही कागदावर मांडून दाखवले. ठरलं ते असं. मुंबईत डेटा सेंटर असलेल्या कंपनीकडं १ जीबीचंच नवीन मशीन, डेबियन १३. ऑफिसातला एक लॅपटॉप रात्री बॅकअप ओढणार, दुसरी प्रत रेस्टिकनं बाहेर. उरलेल्या पैशातून राउटरचा छोटा यूपीएस. मोठं मशीन घ्यायचं नाही, आधी कोड दुरुस्त करायचा. सरांनी त्यासाठी मला आठवड्यातल्या दोन दुपारी मोकळ्या करून दिल्या, याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

आज रात्रीच जुन्या मशीनवर डंपची वेळ बदलली, सिंगल-ट्रान्झॅक्शन टाकलं आणि मॅक्स-चिल्ड्रन ८ केलं. रविवारी काय होतं ते कळवतो.

गोदाकाठ, नांदेड
हलवण्याआधी एक-दोन दिवस डीएनएसचा टीटीएल (साइटचा पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा) ३०० वर आणा, म्हणजे पत्ता बदलल्यावर पाच मिनिटांत बहुतेक पोरं नव्या मशीनवर येतील. जुनं मशीन महिनाभर बंद करू नका. लेट्स एन्क्रिप्टचं (साइटच्या एचटीटीपीएसचं फुकट) प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, ते आपोआप नवं करणाऱ्या सर्टबॉटचा टायमर चालू आहे का बघा. जून २०२५ पासून त्यांनी मुदत संपायच्या आधीचे मेल पाठवणं बंद केलंय, त्यामुळं तारीख तपासायची सोय तुम्हीच करा.

माळरान, लातूर
रविवारची परीक्षा पार पडली. जुन्याच मशीनवर, त्याच १ जीबीवर. दहा वाजून पाच मिनिटांनी लोड थोडा चढला, पानं उघडायला दोन-तीन सेकंद लागत होते, पण एकही सेव्ह पडला नाही आणि मारियाडीबी शेवटपर्यंत उभी होती. सेव्हची वेळ अजून ५ सेकंदच आहे, ती या आठवड्यात बदलतो.

मोसंबी, जालना
फार छान! ३० सेकंद करताना एक काळजी घ्या. सगळी पोरं दहाच्या ठोक्याला सुरू करतात, त्यामुळं सगळ्यांचे तीस सेकंद एकदमच भरतील आणि दर अर्ध्या मिनिटाला सहाशे विनंत्या एकत्र आदळतील. पहिला सेव्ह ० ते ३० मधल्या कुठल्याही यादृच्छिक सेकंदाला सुरू होऊ द्या, मग भार सारखा पसरतो.

हळदीचं_शिवार, वसमत
ते जावास्क्रिप्टमध्ये कसं लिहायचं?

मोसंबी, जालना
मॅथ डॉट रँडमला ३०००० नं गुण, तेवढे मिलिसेकंद सेटटाइमआउटनं थांब, आणि त्याच्या आत आधी एक सेव्ह करून मग सेटइंटरव्हल ३०००० चा सुरू कर. वेळ संपताना मात्र थांबायचं नाही, शेवटचा सेव्ह "सबमिट" दाबल्यावर लगेच गेला पाहिजे आणि सर्व्हरकडून पोच आल्याशिवाय ब्राउझरमधली प्रत पुसायची नाही. लिहून इथं टाक, मी बघतो.